गावाच्या सोयींचा पैसा येतो कोठून?

एप्रिल-मे महिन्यांत काही गावांमध्ये एक चमत्कारिक परिस्थिती दिसून येते. विहिरीत पाणी असते, टाकी शाबूत असते, नळही घरोघर पोचलेले असतात. पण नळाला पाणी मात्र येत नाही. चौकशी करावी तर कळते की, वीजबिल थकल्यामुळे पंपाची जोडणी तोडलेली आहे. ग्रामपंचायतीत विचारावे तर "पाणीपट्टीच वसूल होत नाही, बिल कोठून भरणार?" असे उत्तर मिळते. पारावर विचारावे तर "टाकी सरकारने बांधली, बिलही सरकारनेच भरावे" असे ऐकावयास मिळते. या वादात हंडा घेऊन रानातल्या विहिरीवर जाण्याची पाळी मात्र घरातील माताभगिनींवर येते.

गावातील पाणी, दिवाबत्ती, रस्ते, शाळा, दवाखाना या सोयींसाठी पैसा नेमका कोठून येतो, तो देण्यात आपला वाटा किती आणि त्याचा हिशेब मागण्याचा आपला हक्क कोणता, याची माहिती बहुतेक शेतकऱ्यांना नसते. ही माहिती पिकाच्या जमाखर्चाइतकीच महत्त्वाची आहे. म्हणून या लेखात तिचा विचार करू.

एका सोयीचे दोन खर्च

कोणत्याही सार्वजनिक सोयीला दोन प्रकारचे खर्च येतात. पहिला खर्च ती उभारण्याचा. तो एकदाच येतो, पण मोठा असतो. दुसरा खर्च ती चालू ठेवण्याचा. तो लहान असतो, पण दर महिन्याला येतो. बैलजोडी कर्जाने घेता येते, एखाद्या योजनेतून अनुदानही मिळते. परंतु रोजची वैरण आपल्यालाच घालावी लागते. वैरणीसाठी कोणी कायमचे अनुदान देत नाही. गावाच्या सोयींचेही तसेच आहे. उभारणीचा पैसा बहुतांशी राज्य व केंद्र शासनाकडून येतो. चालविण्याचा खर्च मात्र मुख्यतः गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा लागतो.

जल जीवन मिशनचेच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या कार्यक्रमात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा ठरविण्यात आला. गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चापैकी १० टक्के लोकवर्गणी, तर डोंगराळ व वनक्षेत्रातील तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांसाठी ५ टक्के लोकवर्गणी अपेक्षित धरली आहे. योजना पूर्ण होऊन ताब्यात आल्यानंतर तिची देखभाल-दुरुस्ती मात्र गावाने पाहावयाची आहे. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटतो, त्याच दिवसापासून गावाचा खर्च सुरू होतो, हे ध्यानात ठेवावे.

आपण कर भरतो तो तीन ठिकाणी

"शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणजे आम्ही कर भरत नाही" असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. हे खरे नाही. आपला पैसा तीन वाटांनी शासनाकडे जातो.

१) ग्रामपंचायतीकडे : महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम १२४ प्रमाणे ग्रामपंचायतीला कर व फी बसविण्याचा अधिकार आहे. त्यात इमारतींवरील कर म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य म्हणजे सफाई कर, सामान्य व विशेष पाणीपट्टी, आठवडे बाजारातील फी, जत्रेवरील कर यांचा समावेश होतो. शेतसारा लागू असलेल्या जमिनीवर ग्रामपंचायत घरपट्टीसारखा कर बसवीत नाही.

२) तलाठ्यामार्फत राज्य शासनाकडे : शेतसाऱ्याची रक्कम आता किरकोळ राहिली आहे. तरीही आपला खाते उतारा, म्हणजे ८-अ, काढून पाहावा. त्यावर आकारणीबरोबर जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांच्या उपकराचे रकाने असतात. हा उपकर शासन वसूल करते, पण तो या दोन संस्थांसाठी असतो. तसेच ग्रामीण भागात जमीन किंवा घर खरेदी करताना मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का जादा रक्कम द्यावी लागते. ती जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांना वाटून देण्यासाठी असते. आपल्या शिवारात खरेदी-विक्री झाली असेल, तर मुद्रांक शुल्काच्या अनुदानापोटी किती रक्कम आली, हे ग्रामसभेत विचारता येते.

३) दुकानातून राज्य व केंद्राकडे : १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. समजा, रासायनिक खताची मूळ किंमत १,००० रुपये आहे. त्यावर ५ टक्के म्हणजे ५० रुपये कर लागतो. त्यातील २५ रुपये राज्याचे व २५ रुपये केंद्राचे. साबण, चप्पल, मोबाईलचे रिचार्ज, मोटारीचे सुटे भाग या सर्वांवर हा कर आपण भरतोच. डिझेल या कराच्या कक्षेत नाही. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा विक्रीकर वेगळा द्यावा लागतो. तेव्हा भूमिहीन मजूरसुद्धा करदाता आहे, मग शेतकरी तर आहेच.

घरपट्टी कशी ठरते?

पूर्वी घरपट्टी क्षेत्रफळावर आकारली जात असे. २०१५ च्या अखेरीस नियमांत बदल होऊन ती भांडवली मूल्यावर आकारण्याची पद्धत आली. यात जागेचे शासकीय दरपत्रकातील मूल्य, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि तिचा वापर घरगुती आहे की व्यापारी, या बाबी पाहतात. मातीचे घर, दगड-विटांचे घर आणि सिमेंट काँक्रीटचे घर यांसाठी शासनाने किमान व कमाल दर ठरवून दिलेले आहेत. त्या मर्यादेत ग्रामपंचायतीने आपला दर ठरवावयाचा असतो. त्यामुळे जुन्या मातीच्या घराला कमी व नव्या काँक्रीटच्या बंगल्याला जास्त कर लागतो.

आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. आपल्या घराची नोंद नमुना ८ च्या नोंदवहीत असते. ती एकदा अवश्य पाहावी. मोडकळीस आलेले घर चांगले दाखविले असेल किंवा पाडलेल्या गोठ्यावर अजून कर लागत असेल, तर हरकत घ्यावी. आकारणी मान्य नसल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. मात्र हरकत न घेता आणि करही न भरता स्वस्थ बसणे हा मार्ग नव्हे.

वरून येणारा पैसा

राज्यातील पंचायत राज्याची आजची घडी वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून बसली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अकराव्या अनुसूचीत शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण यांसह २९ विषय पंचायतींसाठी नमूद झाले. नुसते काम सोपवून भागत नाही, त्यासाठी पैसाही लागतो. म्हणून प्रत्येक राज्याने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि केंद्रीय वित्त आयोगानेही पंचायतींचा विचार करावा, अशी तरतूद घटनेत झाली.

दहाव्या केंद्रीय वित्त आयोगाने (१९९५-२०००) पंचायतींसाठी प्रथमच निधीची शिफारस केली. १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर दरडोई १०० रुपये असे तिचे प्रमाण होते. चौदाव्या आयोगाने (२०१५-२०) देशातील ग्रामपंचायतींसाठी २ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेची शिफारस केली व ती थेट ग्रामपंचायतींना देण्यास सांगितले. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. यावेळी तिन्ही स्तरांचा विचार झाला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समित्यांना १० टक्के व जिल्हा परिषदांना १० टक्के अशी विभागणी ठरली.

या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित ठेवण्यात आली. त्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठविणे व पाण्याचा फेरवापर यांसाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारी. पण तीसुद्धा पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नाही, अशी अट होती.

बंधित निधीतून पाणीयोजनेच्या देखभालीला मदत होऊ शकते, हे खरे आहे. परंतु या पैशाला अटी असतात. हिशेब व लेखापरीक्षण वेळेवर हवे, लोकनियुक्त संस्था अस्तित्वात हवी. शिवाय हप्ता कोणत्या महिन्यात येईल, हे आपल्या हाती नसते. पंपाचे वीजबिल मात्र दर महिन्याला येते. दर पाच वर्षांनी नवा आयोग येतो, सूत्र बदलते, अटी बदलतात. त्यामुळे केवळ या निधीच्या भरवशावर राहणे म्हणजे मृगाच्या एका सरीवर अख्ख्या रानाची पेरणी करण्यासारखे आहे.

एक रुपया कसा फिरतो?

वर पाहिलेल्या खताच्या उदाहरणाकडे पुन्हा वळू. केंद्राकडे गेलेल्या २५ रुपयांपैकी पंधराव्या आयोगाच्या सूत्राने ४१ टक्के, म्हणजे सुमारे १० रुपये २५ पैसे सर्व राज्यांच्या वाटणीत जातात. त्या वाटणीत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे साधारण ६५ पैसे. उपकर व अधिभार यांची रक्कम तर राज्यांच्या वाटणीत येतच नाही.

यात नुसता तोटा पाहू नये. कमी उत्पन्नाच्या राज्यांना जादा वाटा मिळावा, हे या सूत्राचे एक तत्त्व आहे. तेच तत्त्व आपल्या राज्यातही लागू पडते. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना चालविण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याचा मोठा भार शहरातील पगारदारांनी व व्यावसायिकांनी उचलला आणि त्यातून खेड्यांतील मजुरांच्या हाताला काम मिळाले. ज्या गावात कारखाना नाही, मोठी बाजारपेठ नाही, घरेही मातीची आहेत, त्या गावाची घरपट्टी कितीही काटेकोर वसूल केली तरी शाळेचे पगार निघणार नाहीत. अशा गावांसाठी वरून येणारा पैसा हा उपकार नसून न्याय आहे.

कोणती सोय कोणाच्या पैशावर?

• प्राथमिक शाळा : जिल्हा परिषद चालविते, शिक्षकांच्या वेतनाचा भार मुख्यतः राज्य शासनावर.

• प्राथमिक आरोग्य केंद्र : जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, मुख्य खर्च राज्याचा, काही कार्यक्रमांना केंद्राची मदत.

• अंगणवाडी : केंद्र व राज्य यांच्या संयुक्त खर्चातून.

• ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी : जिल्हा परिषदेचे कर्मचारी, त्यांचा पगार घरपट्टीतून होत नाही.

• पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता : केंद्र व राज्य यांच्या वाट्यातून.

• नळ, गटारे, सफाई, गावातील दिवे : उभारणीला शासकीय निधी, चालविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची.

शेवटची ओळ पुन्हा वाचावी. सकाळी उठल्यापासून आपला ज्यांच्याशी संबंध येतो, त्याच सोयी घरपट्टी व पाणीपट्टीवर अवलंबून आहेत. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. वसुली घटली की या दुर्बल घटकांचा वाटाही आपोआप आटतो.

पाणीयोजनेचा नमुना हिशेब

समजा, एका गावात ३०० नळजोडण्या आहेत. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशेब करून पाहावा.

वीजबिल, दरमहा १५,००० रुपये : वर्षाला १,८०,००० रुपये
पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, दरमहा ८,००० रुपये : वर्षाला ९६,००० रुपये
टीसीएल पावडर, मोटार व पाइपलाइन दुरुस्ती : वर्षाला ५४,००० रुपये
एकूण : ३,३०,००० रुपये

हा खर्च ३०० घरांवर विभागला, तर वर्षाला १,१०० रुपये पाणीपट्टी येते. म्हणजे दिवसाला सुमारे ३ रुपये. आता १२० घरांनी पट्टी भरली नाही असे धरू. वसुली १,९८,००० रुपये होते आणि १,३२,००० रुपयांची तूट येते. ही तूट जवळजवळ नऊ महिन्यांच्या वीजबिलाएवढी आहे. ती भरणाऱ्या १८० घरांवरच टाकावयाची म्हटली, तर त्यांना वर्षाला १,८३३ रुपये द्यावे लागतील. साहजिकच पुढच्या वर्षी त्यांतीलही काही जण हात आखडता घेतात. वसुली अशीच वर्षागणिक खाली येते आणि शेवटी जोडणी तुटते. त्या दिवशी भरणारा आणि न भरणारा, दोघांचेही नळ कोरडे पडतात.

हातात पैसा असूनही पट्टी थकविणारे आणि खरोखरच अडचणीत असलेले, यांत मात्र फरक केला पाहिजे. पीक बुडालेल्या वर्षी अल्पभूधारकाला एकरकमी पट्टी भरणे कठीण जाते. अशा वेळी पट्टी महिन्याच्या किंवा हंगामाच्या हप्त्यांनी घ्यावी, सोयाबीन, कापूस, कांदा बाजारात जाण्याच्या सुमारास वसुली ठेवावी, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल.

पट्टी भरणाऱ्याचे हक्क

पट्टी का भरत नाही, असे विचारले असता "पैसा कोठे जातो ते कळत नाही" हे कारण अनेक जण सांगतात. हे कारण गैरलागू नाही. म्हणूनच खालील गोष्टी कराव्यात.

१) रक्कम भरल्यावर नमुना १० ची पावती घेतल्याशिवाय उठू नये. घरपट्टी व पाणीपट्टीच्या रकमा तिच्यावर वेगवेगळ्या लिहिल्या आहेत का, ते पाहावे.

२) आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका होणे कायद्याने आवश्यक आहे. त्यांस हजर राहावे. त्यापूर्वी होणाऱ्या महिला सभेस घरातील स्त्रियांनी जावे. पाण्याचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

३) ग्रामसभेत तीन आकडे विचारावेत : गेल्या वर्षी कराची मागणी किती होती, वसुली किती झाली आणि पाणीपुरवठ्यावर प्रत्यक्ष खर्च किती झाला.

४) मोठ्या थकबाकीदारांची यादी वाचून दाखविण्याची मागणी करावी. गरिबाच्या नळाला कुलूप आणि मोठ्या वाड्याची थकबाकी तशीच, असे होता कामा नये. कायद्याने थकबाकीदाराची जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस दिला आहे. रीतसर बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

५) वित्त आयोगाच्या निधीतून घ्यावयाची कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावी लागतात. आराखडा ठरण्यापूर्वी आपली मागणी नोंदवावी. कोणत्या कामावर किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येते. गावातील शिकलेल्या मुला-मुलींकडून ते पाहून घ्यावे.

६) नवी योजना मंजूर होताना "बांधकामाला किती?" एवढेच न विचारता "ती चालवायला दरसाल किती लागेल आणि तो पैसा कोठून येईल?" असा प्रश्न अवश्य विचारावा.

समारोप

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरकारचा पैसा म्हणून वेगळा पैसा नसतो. टाकी बांधण्यासाठी जो पैसा आला, तो खताच्या गोणीवर, डिझेलवर, साबणाच्या वडीवर आपणच भरलेला होता. तेव्हा ते काम चांगले झाले की नाही, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ती टाकी रोज भरण्यासाठी लागणारा पैसाही आपणच द्यावयाचा आहे. ते आपले कर्तव्य आहे. हिशेब न मागता पट्टी भरली तर कारभार सैल होतो आणि पट्टी न भरता हिशेब मागितला तर आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

येत्या ग्रामसभेला जाताना चालू वर्षाची पावती खिशात ठेवा आणि वर दिलेले तीन आकडे विचारा. उत्तरे वहीत लिहून घ्या व पुढच्या वर्षी ताडून पाहा. शिवारातल्या विहिरीची पाणीपातळी आपण जशी उन्हाळ्याआधी पाहून ठेवतो, तशीच ग्रामनिधीची पातळीही वेळेवर पाहिली, तर पुढच्या एप्रिलमध्ये विहिरीत पाणी असताना नळ कोरडा पडण्याची वेळ गावावर येणार नाही.